कानातले रातकिडे आणि दुरून पाठवलेली ऊर्जा

मामांनी पस्तीस हंगाम जिनिंगमध्ये काढले. परभणीकडं दिवाळी उरकली की कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि होळीपर्यंत यंत्रं थांबत नाहीत. हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडूनच बोलायचं. अशा जागी आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर असतो आणि रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं तेवढा आवाज कान सोसू शकत नाही. मामांचं काम सुटलं, आवाज मात्र सुटला नाही. "दिवसा काही वाटत नाही रे. आडवं झालं की रातकिडे सुरू. कूस बदलली, उशी बदलली. ते आतच हायेत."

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद हा शब्द आहे. दर दहा प्रौढांमागे किमान एकाला कधी ना कधी हा त्रास होतो. तरी लोक तो सांगत नाहीत, कारण दुसऱ्याला ऐकू न येणारा आवाज मला येतो म्हटलं तर घरचे काय समजतील, ही भीती असते. मामांनीही दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

मग कुणीतरी त्यांना दूरस्थ ऊर्जा-उपचार करणाऱ्या एका ताईंचा नंबर दिला. दर गुरुवारी रात्री नऊला अंगणातल्या बाजेवर बसायचं, तळहात मांडीवर उघडे ठेवायचे, डोळे मिटायचे. ताई त्यांच्या शहरातून वीस मिनिटं ऊर्जा पाठवणार. फोनसुद्धा चालू ठेवायचा नाही. सत्राचे पैसे आगाऊ. आणि मामांना बरं वाटू लागलं! गुरुवारची रात्र शांत जायची. ते खोटं बोलणारे नाहीत, त्यामुळं मीही गप्प बसलो.

एका गुरुवारी ताईंच्या घरी मयत झाली. आजचं सत्र उद्या करू, असा निरोप त्यांनी संध्याकाळीच मोबाइलवर पाठवला होता. मामांनी तो वाचला शुक्रवारी सकाळी, चहा पिताना. रात्री ते नेहमीसारखे बसले होते आणि नेहमीसारखे गाढ झोपलेही होते. त्यांनीच मला फोन करून विचारलं, "मग काल आलं कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी आवाज कुठून येतो ते पाहायला हवं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांच्या जेमतेम पंधरा-सोळा हजार पेशी असतात. आवाजाच्या कंपनाचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं त्यातल्या ४००० हर्ट्झच्या आसपासचा सूर ऐकणाऱ्या पेशी आधी जातात. मेंदूला तिकडून संदेश येईनासा होतो, तेव्हा तो आपलं बटण वाढवतो. स्टेशन पकडत नसताना रेडिओचा आवाज वाढवला की खरखर येते ना, तसंच. म्हणून ऐकण्याची नस कापली तरी कित्येकांचा नाद थांबत नाही. निरोगी कानही यातून सुटलेले नाहीत. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून अगदी निःशब्द खोलीत बसवलं. पाच मिनिटांत त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला.

आता ऊर्जा. शरीरातून विद्युत-चुंबकीय संदेश निघतात हे खरं आहे, ईसीजी त्यावरच चालतो. पण हृदयाचं चुंबकीय क्षेत्र छातीलगत मोजलं तरी पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढंच भरतं आणि अंतर वाढलं की झपाट्यानं विरतं. शंभर कोसांवरच्या बाजेपर्यंत त्यातलं पोहोचणार काय? आपल्याला न कळणारी वेगळीच ऊर्जा असेल, असंही म्हणता येईल. तर तिचा परिणाम तरी दिसायला हवा. अमेरिकेतल्या एमिली रोझा या मुलीनं नवव्या वर्षी शाळेसाठी एक प्रयोग केला. उपचारक पडद्याआडून दोन्ही हात पुढं ठेवणार, एमिली नाणं उडवून एका हातावर स्वतःचा हात स्पर्श न करता धरणार, कोणता हात ते उपचारकानं 'ऊर्जा' जाणवून ओळखायचं. २१ उपचारकांनी २८० वेळा प्रयत्न केला, बरोबर आलं १२३ वेळा. डोळे मिटून अंदाज केला असता तरी १४० च्या आसपास आलं असतं. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. २००६ मध्ये हृदयाच्या बायपासच्या १८०२ रुग्णांवर दुरून केलेल्या प्रार्थनेची चाचणी प्रसिद्ध झाली. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा दोन्ही गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच निघाली, ५२ आणि ५१ टक्के.

मग मामांची झोप? ती खरीच होती. टिनिटसमध्ये आवाजाची पट्टी आणि त्रास यांचं प्रमाण जुळत नाही. मोजला तर तो आवाज बहुतेकांत जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाहून दहा डेसिबलदेखील वर नसतो. छळते ती धास्ती, 'हे वाढत तर नाही ना' म्हणून सतत तिकडंच लागलेलं लक्ष. वीस मिनिटं संथ श्वास घेत बसलेला माणूस, कुणीतरी आपली काळजी घेतंय या भावनेनं सैलावलेला, त्याची धास्ती उतरतेच. शिवाय हा त्रास भरती-ओहोटीसारखा असतो. माणूस उपाय शोधतो तो भरतीच्या दिवशी, पुढं ओहोटी येणारच असते आणि श्रेय उपायाला जातं. कानाच्या तक्रारी सांगणाऱ्यांना आपण कुणी दहा मिनिटं नीट ऐकून घेत नाही, ही आपली चूक आहे. ताईंनी मामांचं ऐकून घेतलं, हे मी मान्य करतो.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. या नादात सात महिने मामांचा कान कुणी तपासलाच नाही. आवाजामागं कधी नुसता मळाचा बोळा असतो. कधी ॲस्पिरिनचा मोठा डोस किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिकचं इंजेक्शन असतं. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर दाखवायलाच हवं. आणि एक कान अचानक बंद पडला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जावं. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबून चालत नाही.

मामांना मी सरकारी दवाखान्यात नेलं. ध्वनिरोधक खोलीत कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. आलेखाची रेघ डावीकडून सरळ आली आणि ४००० वर विहिरीत पडावी तशी खाली गेली. मामा त्या खड्ड्याकडं बराच वेळ बघत राहिले. पस्तीस हंगाम तिथं दिसत होते.

ऐकण्याचं यंत्र लावल्यावर बाहेरचे आवाज भरून आले आणि रातकिडे मागं सरले. पूर्ण गेले नाहीत, जातील असं कुणी सांगितलंही नव्हतं. विचार आणि सवयी बदलणारी समुपदेशनाची पद्धत, सीबीटी, यात उपयोगी पडते. २०२० मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात तिनं त्रास कमी होतो असं दिसलं. या त्रासासाठी जिंकगो (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) घेऊ नका, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय.

मामा अजूनही रात्री नऊला बाजेवर बसतात, आता रोज. तळहात उघडे, डोळे मिटलेले. उशाशी रेडिओ बारीक लावलेला. आवाज रातकिड्यांपेक्षा किंचित खाली ठेवायचा, दाबून टाकायचा नाही, असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलंय. मामा बटण हळूहळू फिरवतात, थांबतात, जरासं मागं घेतात आणि मग पाय पसरतात.