चार हिवाळे पाहिलेला बेलेम्नाइट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्काय नावाचं बेट आहे. तिथल्या ज्युरासिक काळातल्या खडकातून मिळालेली एक दगडी कांडी हवामानशास्त्राच्या इतिहासात अजरामर झाली आहे. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एक टोक निमुळतं. ही कांडी बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याची. म्हाकुलाच्या गोतावळ्यातला हा प्राणी केव्हाच नामशेष झाला. कोकणच्या वाळूत सापडणारा पांढरा, हलका समुद्रफेस पुष्कळांनी उचलून पाहिला असेल. तो म्हाकुलाच्या पाठीत, अंगाच्या आत वाढणारं कवच असतं. बेलेम्नाइटची कांडीही तशीच अंगाच्या आत वाढायची, पण ती भरीव कॅल्साइटची असे. आडवी कापली की झाडाच्या खोडात दिसतात तशी एकात एक वर्तुळं दिसतात.

१९५१ साली शिकागो विद्यापीठातल्या हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कांडीची हकीकत प्रसिद्ध केली. ती वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. लहानपण सरल्यावर या प्राण्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले. लहानपणी त्याच्या वाट्याला आलेलं पाणी उतारवयातल्या पाण्यापेक्षा उबदार होतं. पाण्याचं सरासरी तापमान १७.६ अंश सेल्सिअस, आणि ऋतूंमधला फरक सुमारे ६ अंश. साधारण चार वर्षांचा असताना, वसंत ऋतूत, तो मेला.

पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या एका जिवाचा मृत्यू कोणत्या ऋतूत झाला हे सांगता येतं! आणि तेही त्याच्या अंगातल्या ऑक्सिजनवरून.

समुद्राच्या पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वजनाचा असतो. पण साधारण पाचशे अणूंमागे एक अणू १८ वजनाचा, म्हणजे थोडा जड. शिंपले करणारे प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपलं कवच रचतात, तेव्हा दोन्ही प्रकारचे अणू त्यात बसतात. पाणी जितकं गार, तितका जड ऑक्सिजन कवचात थोडा जास्त बसतो. फरक अगदी सूक्ष्म असतो. तापमान एका अंशाने उतरलं तर जड ऑक्सिजनचं प्रमाण हजारात जेमतेम ०.२ ने वाढतं. हे मोजता येईल इतका नाजूक मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र, तेव्हा बाजारात मिळत नव्हता. तो युरींच्या प्रयोगशाळेतच घडवावा लागला.

युरींना १९३४ साली जड हायड्रोजनच्या शोधासाठी नोबेल मिळालेलं होतं. रसायनशास्त्रातला हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर शिंपल्यांच्या मागे लागला. कागदावरचं गणित प्रत्यक्षात उतरतं का, हे पाहण्यासाठी त्याच्या सहकाऱ्यांनी जिवंत समुद्री प्राण्यांच्या कवचांना भोकं पाडली आणि त्यांना ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवलं. प्राण्याने भोक बुजवायला जे नवं कवच तयार केलं, तेवढंच खरवडून तपासलं. टाकीतलं तापमान आणि कवचातला ऑक्सिजन यांचा मेळ बसला. मग स्कायच्या बेलेम्नाइटचा एकेक थर बाहेरून आत खरवडत नेला, आणि तापमानाची रेघ वर-खाली, वर-खाली होत गेली. तेच त्याचे उन्हाळे आणि हिवाळे.

पण प्रत्येक जीवाश्म असा बोलत नाही. आमच्या देवघरात आजीचा एक शाळिग्राम होता. तुळशीच्या लग्नाला तो बाहेर निघायचा. काळा, गुळगुळीत, आणि एका बाजूला नाजूक चक्र. पुढे कळलं की गंडकीच्या खोऱ्यातून येणाऱ्या शाळिग्रामांमधलं ते चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याच्या कवचाचं वेटोळं. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या तळच्या काळ्या चिखलात हा प्राणी रुतला होता. मला वाटलं, मग आजीच्या शाळिग्रामावरूनही त्या समुद्राचं तापमान काढता येईल. नाही काढता येत. शाळिग्रामात बहुधा मूळ कवच विरघळून गेलेलं असतं, आणि उरतो तो त्याचा ठसा किंवा त्या जागी भरलेलं दुसरंच खनिज. समुद्र होता, एवढी साक्ष तो नक्की देतो. पाणी ऊन होतं की गार, हे सांगणारा ऑक्सिजन त्याच्यापाशी उरलेला नाही. म्हणूनच या कामात पहिली कसोटी असते ती कवच मूळचंच आहे का, याची. बेलेम्नाइटची कांडी घट्ट कॅल्साइटची, म्हणून ती या कसोटीला अनेकदा उतरते. आपल्याकडे कच्छच्या ज्युरासिक खडकांतही बेलेम्नाइट आणि अ‍ॅमोनाइट भरपूर मिळतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग मात्र लाव्हाच्या खडकाखाली झाकलेला असल्यामुळे आपल्या डोंगरात असे समुद्री थर सहसा हाती लागत नाहीत.

दुसरी अडचण बर्फाची. जमिनीवर बर्फाचे थर साठतात तेव्हा हलका ऑक्सिजन त्यांत अडकून बसतो आणि समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. मग कवचातला जड ऑक्सिजन थंडीमुळे वाढला की बर्फामुळे? हिमयुगांच्या अभ्यासात हा गुंता मोठा झाला. १९६७ साली निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की हिमयुगातल्या कवचांतल्या फरकाचा मोठा वाटा बर्फाचाच आहे. आता कवचातलं मॅग्नेशियम वेगळं मोजून तापमान आणि बर्फ यांचा हिशोब निरनिराळा करता येतो.

कधी कधी तर रसायनाची गरजच पडत नाही, कोण राहत होतं एवढं मोजलं तरी पुरतं. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. त्यांची कवचं समुद्रतळाशी पावसासारखी पडत राहतात. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही त्यांतली एक जात मुख्यतः थंड पाण्यातली. पण उष्ण कटिबंधातल्या अरबी समुद्रात, ओमानच्या किनाऱ्याजवळ ती पावसाळ्यात मुबलक वाढते. कारण आपल्याकडे पाऊस घेऊन येणारे नैर्ऋत्येचे वारे तिथलं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालून गार, अन्नाने समृद्ध पाणी वर येतं. म्हणजे तळच्या गाळाच्या ज्या थरात ही कवचं जास्त, त्या काळी मोसमी वारे जोरकस. कोकणात कोसळणाऱ्या पावसाच्या वाऱ्यांचा लाखो वर्षांचा हिशोब ओमानजवळच्या चिखलात ठेवलेला आहे, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

याच सूक्ष्म कवचांनी पृथ्वीला आलेल्या एका मोठ्या तापाची नोंदही ठेवली आहे. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, मॉड राइज नावाच्या उंचवट्यावर, जॉइडिस रेझोल्युशन या जहाजाने तळ भोसकून गाळाचा लांब दंडगोलाकार गाभा वर काढला. त्याचा अभ्यास करून जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी १९९१ साली सांगितलं की सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात जड ऑक्सिजन आणि जड कार्बन दोन्हींचं प्रमाण एकाएकी घसरतं. ऑक्सिजन सांगतो, पाणी तापलं. कार्बन सांगतो, हवेत आणि समुद्रात भरमसाट नवा, हलका कार्बन आला. हा पॅलिओसीन आणि इओसीन यांच्या सीमेवरचा उष्णकाळ. पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढलं. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थिजून तेव्हा साधारण एक कोटी वर्षं झाली होती. कार्बन कुठून आला यावर अजून वाद आहे. उत्तर अटलांटिकमधले ज्वालामुखी हे एक प्रमुख कारण मानलं जातं.

या काळाचा गाभा पाहायचा तर दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस कटकावर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवर, २००३ साली काढलेला पाहावा, निदान छायाचित्रात तरी. खाली फिकट, खडूसारखा गाळ. ही सगळी कोट्यवधी कवचांची भुकटी. मग एकदम, सुरीने कापावं तशी रेघ, आणि तिच्यावर गडद तांबडी माती. कवचांचा मागमूस नाही. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने समुद्राची आम्लता इतकी वाढली की तळाशी पडणारी कवचं विरघळून गेली आणि उरली नुसती माती. खोल समुद्राच्या तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती याच रेघेवर कायमच्या संपल्या.

तेव्हाचा कार्बन काही हजार वर्षांत बाहेर पडला असावा. आज आपण कोळसा आणि तेल जाळून तो ज्या वेगाने सोडतो आहोत, तो वेग बहुतेक अंदाजांनुसार तेव्हापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. या विषयावर काम करणाऱ्यांची झोप उडवणारी गोष्ट हीच आहे.

त्या तांबड्या पट्ट्याची खालची कड धारदार आहे, वरची मात्र पुसट. माती हळूहळू फिकी होत जाते, अधूनमधून एखादं कवच दिसू लागतं, मग जास्त, आणि शेवटी गाळ पुन्हा खडूसारखा पांढुरका होतो. गाभ्यात ते अंतर हाताने मोजता येईल एवढंच आहे. ते भरून यायला एक लाखाहून अधिक वर्षं लागली.