सुरमई घेऊ की पापलेट?

मे महिन्यात मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ब्लूटूथवर आहे रे, बोल तू." हात स्टिअरिंगवर, नजर समोर, मग बोलायला काय हरकत? कायद्याचा रोखही हातात धरलेल्या फोनवरच आहे. पण लक्ष विचलित होण्याचा संबंध हातांपेक्षा मेंदूशी जास्त आहे.

हात आणि डोळ्यांचं गणित तसं सोपं आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर अंतर कापते. मॅप बघायला, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला किंवा मागे भांडणाऱ्या पोरांवर डोळे वटारायला दोन सेकंद गेले, तर तेहतीस मीटर रस्ता न बघताच मागे पडला. वडापावचा कागद सोडणं यातच आलं. एसी कमी करायला टचस्क्रीनवर बोट फिरवणंही आलं, मग जाहिरातीत ते कितीही 'स्मार्ट' दिसो. घाटातल्या देवळासमोर दोन्ही हात सोडून नमस्कार करणारे आणि चालत्या गाडीतून नाणं भिरकावणारेही याच यादीत. देवाला ते पोचतं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बंपरला बांधलेली लिंबू-मिरची वेळेला ब्रेक दाबत नाही, एवढं नक्की.

आता ब्लूटूथकडे येऊ. समजा, मालवणच्या जेटीवरून भावाचा फोन आला : "सुरमई घेऊ की पापलेट?" त्याच क्षणी पुढच्या एसटीचे लाल दिवे लागले. मेंदूपुढे एकाच वेळी दोन निवडी आल्या, मासा कोणता आणि पाय कुठे. इथे जे घडतं, म्हणजे पहिली निवड आटपेपर्यंत दुसरीला जो उशीर होतो, त्याला मानसशास्त्रात 'सायकॉलॉजिकल रिफ्रॅक्टरी पिरियड' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ टेलफर्ड यांनी १९३१ मध्ये हे नाव दिलं. उद्दीपित झालेली चेता (मज्जातंतू) काही क्षण दुसऱ्या उद्दीपनाला दाद देत नाही, तसंच काही विचारांच्या पातळीवर होत असावं, अशी त्यांची कल्पना होती. ती उपमा पुढे टिकली नाही, नाव मात्र टिकलं. आज सर्वसाधारणपणे असं मानलं जातं की कामाचे तीन टप्पे असतात : जाणवणं, प्रतिसाद निवडणं आणि हालचाल. पहिला आणि तिसरा टप्पा दुसऱ्या एखाद्या कामाच्या बरोबरीने चालू शकतो. मधला मात्र अरुंद साकवासारखा आहे. एक पार होईपर्यंत दुसऱ्याने अलीकडे थांबायचं. म्हणून लाल दिवे 'दिसतात', पायही तयार असतो, पण 'दाब' हा हुकूम सुरमईच्या मागे रांगेत उभा राहतो.

लेव्ही, पॅशलर आणि बोअर या संशोधकांनी २००६ मध्ये हे सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, तपासलं. गाडी चालवणाऱ्याने आवाज किंवा झगमग एकदा झाली की दोनदा, एवढंच सांगायचं होतं. हे उत्तर द्यायचं असतानाच पुढच्या गाडीचे ब्रेकदिवे लागले, तर ब्रेक दाबायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग जास्त लागला. हे दिवे त्या प्रश्नानंतर सेकंदाहून अधिक वेळाने लागले, तर विलंब उरत नव्हता. म्हणजे दोष प्रश्नाच्या अवघडपणाचा नव्हता, दोन गोष्टी अंगावर एकदम आल्या याचा होता. ब्रेक दाबण्यासारखी मुरलेली सवयही त्यातून सुटली नाही. ताशी ६० किलोमीटरला हा विलंब जवळजवळ तीन मीटरचा होतो. आणि मासा निवडणं 'एकदा की दोनदा' इतकं सोपं नसतं. भाव विचारायचा असतो, कालवणाला काय, तळायला काय, हेही ठरवायचं असतं.

याच्या जोडीला यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाचं २००३ चं काम आहे. हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर थेट पडली होती, हे यंत्राने टिपलं. तरीही नंतर विचारल्यावर ते फलक त्यांना न बोलणाऱ्यांपेक्षा कमी ओळखता आले.

मग शेजारी बसलेल्याशीही बोलायचं नाही का? स्ट्रेयर यांच्याच सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही तुलना केली. शेजारच्या माणसाशी बोलणाऱ्यांचं चालवणं फोनवर बोलणाऱ्यांपेक्षा बरं निघालं, कारण रहदारी दोघांनाही दिसते आणि गप्पा आपोआप रस्त्याकडे वळतात. भोस्ते घाटातलं वळण शेजारच्याला दिसतं, तो मध्येच थांबतो किंवा "ट्रक आहे बघ" म्हणतो. जेटीवर उभ्या भावाला ते दिसत नाही. तो विचारतच राहतो. तेव्हा फोन शेजारच्याकडे द्यावा, मासाही त्यालाच ठरवू द्यावा. गाडीत एकटेच असाल, तर पुढच्या हॉटेलसमोर गाडी बाजूला घेईपर्यंत भावाला ताटकळू द्या.