न्याहारीचा वाद आणि त्यातील युक्त्या

सकाळी खावे की नाही, या वादात समोरच्याला पटवण्यासाठी वापरली जाणारी साधने आणि ती ओळखण्याची रीत. महाराष्ट्रात या वादाला ‘दीक्षित की दिवेकर?’ असे नावच पडले आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत, खायला सांगतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर ठरावीक अंतराने थोडे थोडे. पुण्यात पर्वती उतरून आलेल्या मंडळींत हा वाद हमखास रंगतो, आणि बहुधा पोह्यांची बशी पुढ्यात घेऊनच.

यातली सर्वांत चलनी युक्ती आप्तवचनाची, म्हणजे जाणत्याच्या शब्दाचा हवाला देण्याची. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, ‘शब्द’ हे प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले आहे, पण बोलणारा त्या विषयातला जाणकार आणि विश्वासार्ह हवा. ‘डॉक्टरच सांगतात’ एवढ्याने ती अट पुरी होत नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात एडवर्ड बर्नेझ या जनसंपर्कतज्ज्ञाकडे बेकन (खारवलेले डुकराचे मांस) विकणारी बीच-नट कंपनी आली. त्याने एका डॉक्टरकरवी सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रे पाठवली : न्याहारी भरपेट हवी की हलकी? सुमारे ४,५०० जणांनी ‘भरपेट’ म्हटल्याचे तो स्वतः सांगत असे. तो कौल वर्तमानपत्रांत झळकला आणि त्याच्याच जोडीला बेकन-अंड्यांची भलामण. डॉक्टरांनी उत्तर दिले एका प्रश्नाचे, माल खपला दुसराच.

‘न्याहारी करणारी मुले अभ्यासात पुढे असतात’ हे विधान खरे धरले, तरी ज्या घरात सकाळी गरम उपमा मिळतो तिथे पुरेशी झोप आणि अभ्यास घेणारे माणूसही असू शकते. श्रेय एकट्या उपम्याला देणे हा हेत्वाभास, म्हणजे कारण भासणारे पण न टिकणारे कारण, होय. विरुद्ध पक्षही धुतल्या तांदळासारखा नसतो. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ चाचण्यांचा आढावा आला, न्याहारीने वजन घटते, याला त्यात आधार मिळाला नाही. एवढेच वाक्य व्हॉट्सॲपवर फिरते. चाचण्यांचा दर्जा बेताचा होता, हा लेखकांनीच दिलेला इशारा मात्र गाळला जातो. शिवाय प्रश्न वजनाचा होता. सकाळी सातला शेतात किंवा कारखान्यात जाणाऱ्याच्या भुकेचा नव्हे.

‘उपाशीपोटी घराबाहेर पडू नकोस’ या आईच्या वाक्यात पुरावा नसतो, माया असते. ते खोडायला गेलेला माणूस वाद जिंकूनही घरात हरतो. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत फक्त चहावर’ हा दाखला दोन्ही पक्षांना सारखाच प्रिय. आजोबा तेवढे बदलतात.

सहसा निसटते ती युक्ती म्हणजे वाक्छल, शब्दाचा अर्थ मध्येच पालटणे. न्यायग्रंथांत याचे उदाहरण ‘नवकंबल’ (‘नव’ म्हणजे नवे आणि नऊही) : बोलणारा नव्या कांबळ्याविषयी सांगतो, प्रतिवादी विचारतो, नऊ कांबळी आहेतच कुठे? ‘नाश्ता’ या शब्दाची हीच गत. समर्थकाच्या मनात नाचणीची आंबील असते, विरोधकाच्या मनात साबुदाणा वडा आणि वर साखरेचा चहा. रविवारी अकरा वाजता खाल्लेली मिसळ न्याहारीत धरायची की जेवणात, हे आधी ठरले नसेल तर दोघेही त्याच ताटाकडे बोट दाखवून आपापली बाजू सिद्ध करतात.