टायमिंग चेन

इंजिनातील क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडबंद करणारा दांडा) यांना जोडणारी साखळी. मोटारसायकलीत हिला कॅम चेनही म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच होतो, म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) क्रँकच्या दुप्पट दाते असतात.

चेन ‘ताणली’ असे म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात कड्यांमधल्या पिना आणि बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजतात आणि सांध्यासांध्यातली केसभर झीज मिळून चेन लांबते. ऑइल वेळेवर न बदलल्यास हे लवकर होते. थंड इंजिन सुरू करताना येणारी खडखड ही पहिली खूण. चेनसोबत गाईड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी), टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि झिजलेली स्प्रॉकेटही बदलावीत; जुन्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही.

खरे कौशल्य टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ, मिळवण्यात आहे. सहसा पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून क्रँक व कॅम या दोन्हींच्या खुणा कंपनीने सांगितलेल्या जागी आणतात. कॅमच्या स्प्रॉकेटला ३२ दाते असतील, तर एक दाता चुकल्यावर कॅम ११.२५ अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने तब्बल २२.५ अंश. एवढ्याने गाडीची ओढ जाते. चूक मोठी असेल तर अनेक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो. चेन चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजू पूर्ण ताठ हवी, सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला यावी. अनेक टेन्शनर आत दाबून पिनेने अडकवलेले असतात. ती पीन काढायची राहिली तर खुणा जुळलेल्या दिसतात आणि चेन मात्र सैलच राहते.

यानंतरची पायरी घाईत गाळली जाते, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायचे. मध्येच कुठे कडक अडले तर जोर लावायचा नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो. दोन फेऱ्यांनी स्प्रॉकेटच्या खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत. चेनवरच्या रंगीत कड्या मात्र तेव्हा जुळत नाहीत. त्या फक्त चढवण्यापुरत्या असतात आणि बरेच फेरे झाल्यावरच पुन्हा जागी येतात. हे ठाऊक नसल्याने नीट बसवलेली चेन पुन्हा उतरवणारे नवशिके कारागीर पुष्कळ आहेत.