फक्त महिलांसाठीची जिम: पैसे भरण्याआधी वाचा

चौकशीला येणाऱ्या बहुतेकजणी आधी फी विचारतात आणि मग, "इथे पुरुष अजिबात येत नाहीत ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. आमची जिम महिलांचीच आहे, तेव्हा आम्ही थोडं आमच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

पुरुष नसण्याचा उपयोग कोणाला?

व्यायाम करताना निम्मं लक्ष "मागे कोण उभं आहे" याकडे जात असेल, तर उपयोग नक्की आहे. सर्वांसाठीच्या जिममध्ये अनेकजणी ट्रेडमिलवरून थेट घरी जातात. वजनांच्या कोपऱ्यात गर्दी पुरुषांची असते, आणि तिथे जाऊन "हे कसं करायचं?" असं विचारायला संकोच वाटतो. फक्त बायका असल्या की हा संकोच बराच कमी होतो. बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा वजन खूप वाढल्यावर पहिल्यांदाच व्यायामाला येणाऱ्यांना हा फरक जास्त जाणवतो.

तुम्हाला मुळात संकोच वाटतच नसेल, तर जवळची सर्वांसाठीची जिम आधी बघा. तिथे बहुधा यंत्रं जास्त असतील आणि ती उघडीही जास्त वेळ असेल. काही ठिकाणी ठरावीक वेळेची लेडीज बॅचही असते, आणि ती वेळ जमत असेल तर तेवढ्यानेही काम भागतं. आणखी एक, पुरुष नसले म्हणजे शेरे थांबतात असं नाही. "अगं, किती सुटलीस!" हे बायकाही म्हणतात. जिममधलं वातावरण कसं आहे ते तिथे तासभर थांबल्यावरच कळतं.

आधी वजनं बघा

आमच्या मते खरा निकष हा आहे, आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. महिलांच्या काही जिममध्ये रंगीत डंबेल्सची छान रांग असते आणि ती पाच किलोपाशी संपते. दोन वर्षांचं मूल साधारण अकरा-बारा किलोचं असतं. ते दिवसातून अनेकदा जमिनीवरून उचलणाऱ्या बाईच्या पायांना आणि पाठीला पाच किलो पुरणार कसे? वजन हळूहळू वाढत गेलं तरच स्नायूंची ताकद वाढते. म्हणून जड डंबेल्स, स्क्वॉटसाठी (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा काढण्यासाठी) रॅक, म्हणजे रॉड टेकवायचा स्टँड, आणि रॉड आहे का ते बघा. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पुरुषांचा रॉड 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाडीचा असतो. महिलांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे लहान हाताला तो नीट धरता येतो. रॉडला लावायच्या अर्धा आणि सव्वा किलोच्या प्लेट आहेत का, हेही विचारा. दहा किलोवरून एकदम पंधरावर जाणं म्हणजे दीडपट भार. नवख्या खांद्याला तो झेपत नाही, आणि मग "मला जमतच नाही" असा समज होऊन बसतो.

हाडांसाठीही हा भार लागतो. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते. पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. चालणं चांगलंच आहे, पण हाडं भक्कम ठेवायला नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. नुसती झुंबा आणि ट्रेडमिल असलेल्या जिममध्ये यातला पहिला भागच होतो.

"वजनं उचलून मी पुरुषी दिसेन का?" नाही. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कितीतरी पटीने कमी असतं. दिसण्याइतके मोठे स्नायू कमवायला वर्षानुवर्षं त्यासाठीच मेहनत आणि तसा आहार लागतो. चुकून होणारी गोष्ट नाही ती!

काही जिममध्ये हायड्रॉलिक यंत्रांचं अर्ध्या तासाचं सर्किट असतं, म्हणजे एकामागून एक यंत्रावर थोडा थोडा वेळ व्यायाम. 1992 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सुरू झालेल्या 'कर्व्ह्स' या महिलांच्या जिमच्या साखळीने ही पद्धत जगभर नेली. या यंत्रात जितक्या वेगाने ढकलाल तितका विरोध वाढतो. वजन अंगावर पडण्याची भीती नसते, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटतं. पण आज आपण किती किलो उचलले हे कळत नाही, त्यामुळे प्रगती मोजता येत नाही. पहिल्या काही महिन्यांसाठी ठीक. पुढची सोय काय, ते आधीच विचारून ठेवा.

ट्रेनरची परीक्षा

प्रमाणपत्र बघाच, पण एक प्रश्नही विचारा: "बाळंत होऊन चार महिने झालेली बाई आली तर पहिल्या आठवड्यात काय द्याल?" ट्रेनरने आधी प्रसूती कशी झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का, पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत का, उडी मारताना किंवा शिंकताना लघवी गळते का, हे विचारायला हवं. ती थेट क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम) आणि उड्यांवर आली तर आभार मानून निघा. लघवी गळणं बऱ्याचजणींना होतं, पण ते निमूट सहन करायचं दुखणं नव्हे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात.

पहिल्याच भेटीत पावडरचा डबा गळ्यात मारणाऱ्या ट्रेनरबद्दल वेगळं काही सांगायला नको.

दार, काचा, कॅमेरे

"फक्त महिला" म्हणजे नेमकं काय, ते स्पष्ट विचारा. ट्रेनर प्रत्येक वेळी महिलाच असते का? दुरुस्तीला येणारा माणूस कोणत्या वेळी येतो? रस्त्यावरून आतलं दिसतं का? कॅमेरे कुठे आहेत आणि ते चित्रीकरण कोण बघतं? कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा असता कामा नये. जाहिरातीसाठी फोटो काढायला तुम्ही नकार देऊ शकता, आणि तो फॉर्मवर लिहूनच द्या.

वेळ आणि पैसे

रोज ज्या वेळेला येणार, त्याच वेळेला ट्रायलला या. दुपारी रिकामी दिसणारी जिम संध्याकाळी रॅकसाठी रांग लावायला लावते. वर्षाची फी महिन्याच्या हिशोबात स्वस्त दिसते, पण ती तुम्ही खरोखर किती वेळा याल त्या आकड्याने भागा. शंका असेल तर एकाच महिन्याचे पैसे भरा, आमच्याकडेसुद्धा. आजारपण, गरोदरपण किंवा बदली झाली तर मेंबरशिप थांबवता येते का आणि उरलेले पैसे परत मिळतात का, हे तोंडी ऐकून घेऊ नका, पावतीवर लिहून घ्या.

ट्रायलला येताना बूट, टॉवेल, पाण्याची बाटली आणि चालू औषधांची यादी आणा. रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलून या.