वरची खपली, आतला मणका

उसाच्या फडात पाय घसरला, माणूस पाठीवर पडला आणि तिरकं तोडलेलं धसकट कमरेत घुसलं. गावातच टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, दहा-बारा दिवसांत वर खपली धरते. महिन्याभरानं कंबर धरते, रात्री कुशीवर वळता येत नाही. 'मोळ्या उचलल्या की व्हायचंच,' म्हणून बाम चोळला जातो.

धसकटासोबत माती आणि जंतू खोल गेले असतील, तर मणक्याचं हाड आतून सडू लागतं. आपल्याकडे असा मणका दिसला की डॉक्टरांना आधी क्षय आठवतो, आणि ते रास्तच आहे. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीचं कुबड आणि लुळे पडणारे पाय यांचा संबंध मांडला; तो आजार पुढं क्षयाचा ठरला आणि आपल्या भागात अजूनही आहे. पण पू करणारे जंतू वेगळे. १८८० मध्ये लुई पाश्चर यांना गळवातले जंतूच हाडातल्या पुवात दिसले. हाडाची ही व्याधी म्हणजे मज्जेतलं गळू, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्याच वर्षी, २ जुलै १८८१ ला, अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना पाठीत गोळी लागली. ती कमरेच्या पहिल्या मणक्यातून गेली, मज्जारज्जू मात्र वाचला. लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडून तोवर चौदा वर्षं झाली होती, तरी डॉक्टर न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी शोधत राहिले, तीही चुकीच्या बाजूला! ग्रॅहम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आले, तेही फसलं. पू वाढत गेला आणि १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले.

क्ष-किरण १८९५ मध्ये आले, पण साध्या एक्स-रेत हाडाची झीज दिसायला दोन-तीन आठवडे जातात आणि लाकडाचा तुकडा बहुधा दिसतच नाही. म्हणून एमआरआय आणि रक्ताची सीआरपी, म्हणजे अंगात दाह किती आहे हे सांगणारी तपासणी. (कोल्हापुरात 'सीपीआर' म्हणजे थोरला दवाखाना, निम्मे नातेवाईक चिठ्ठी वाचून तिकडंच निघतात.) जंतू नेमका कोणता, हे मात्र बहुतेक वेळा सुईनं मणक्यातला नमुना काढल्यावरच कळतं. क्षय निघाला तर औषधं कित्येक महिने. पुवाचे जंतू निघाले तर साधारण सहा आठवडे प्रतिजैविकं, आणि आत तुकडा राहिला असेल तर शस्त्रक्रिया. ऐन गळीत हंगामात सहा आठवडे कोयता खाली ठेवायचा, हे घरी पटवणं डॉक्टरांना नमुना काढण्यापेक्षा जड जातं.