‘प. खा.’ म्हणजे नेमके कुठले?

खानदेशातल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात काळ्या दगडाची हातभर उंचीची विष्णुमूर्ती आहे. समोरच्या छापील पट्टीवर ‘जि. धुळे’ एवढेच लिहिलेले आहे. मूर्तीच्या मागे वाकून पाहिले, तर पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेला जुना क्रमांक दिसतो आणि त्याच्या आधी दोन अक्षरे: प. खा. म्हणजे पश्चिम खानदेश. पट्टी बदलणाऱ्याला दोन्ही एकच वाटले. ते एकच नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी वस्तूंची गोष्ट या फरकात अडकली आहे.

खानदेश हे नाव कशावरून पडले, फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून की कान्हदेशावरून, हा वाद इथे उकरत नाही. नावाखालचा प्रदेश सतत हलत राहिला, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि सुभ्याला शाहजादा दानियालच्या नावावरून ‘दानदेश’ म्हटले. ते नाव टिकले नाही, सुभा टिकला. त्यामुळे बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतला मोगली रुपया शिरपूरच्या वावरात सापडला, तर तो ‘खानदेशचा’ म्हणताना पाडला गेला ते ठिकाण सांगायचे की सापडला ते, हा प्रश्न उरतोच. नाणी अभ्यासणारे दोन्ही लिहितात. मांडणीच्या कपाटात मात्र सहसा एकाच ओळीपुरती जागा असते.

1818 मध्ये होळकरांशी मंदसौरचा तह झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि धुळे मुख्य ठाणे झाले. तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यात मालेगाव, नांदगाव आणि बागलाणही होते. 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला तेव्हा हे तालुके तिकडे गेले. उरलेल्या अवाढव्य जिल्ह्याचे 1906 मध्ये दोन तुकडे झाले. जळगावचा पूर्व खानदेश, धुळ्याचा पश्चिम खानदेश. आपल्या मूर्तीच्या पाठीवरची दोन अक्षरे तिथून आली.

संग्रह करण्याची हौसही त्याच काळातली. त्याआधी शेतात काही निघाले की त्याचा मार्ग कायद्याने ठरलेला होता. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक होते. नांगराला हंडा लागला की पाटलाला वर्दी, मग मामलेदार, मग धुळे, आणि त्यातले निवडक मुंबईला. कागदावर गावाचे नाव नीट चढे, कारण वाटणीचा हिशेब त्यावर असे. मूर्तीचे तसे नव्हते. ती देवळात जाई, पारावर बसे, किंवा शेंदूर लागून म्हसोबा होई. कुणी ती उचलून संग्रहात आणली, तर नोंद आणणाऱ्याच्या आठवणीवर. ‘कथाईन उनी?’ म्हणजे कुठून आली, असे अहिराणीत विचारले की उत्तर ठरलेले: ‘वावरमा सापडनी.’ कोणाचे वावर, कोणत्या शिवारात, हे वहीत उतरलेच असे नाही.

धुळ्याला संग्रहाची घडी बसली ती कागदांमुळे. 31 डिसेंबर 1926 ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर पायपीट करून जमवलेली दप्तरे सांभाळायची म्हणून पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. 1935 मध्ये त्याच गावात समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी ‘वाग्देवता मंदिर’ हा संग्रह उभा झाला. तिथली समर्थांच्या हातची वाल्मीकि रामायणाची प्रत पाहायला लोक लांबून येतात. इथेही उगम आणि मुक्काम वेगळे आहेत. ही बाडे ठिकठिकाणच्या मठांतून मिळवून आणलेली. रुमालात बांधलेल्या पोथीला बाडांक दिला जातो, आणि त्या आकड्याचा धागा धरून ती कोणत्या मठातून आली तिथवर मागे जाता येते. कागद जमवणाऱ्यांनी ही शिस्त सुरुवातीपासून पाळली. दगडाच्या वाट्याला ती आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मूळ गुंता. 1960 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य मोडले, तेव्हा पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागांतली दीडशेच्या आसपास गावे गुजरातला गेली. आज त्यांतली बरीच निझर आणि उच्छलकडे आहेत. उरलेल्याचे नाव धुळे जिल्हा झाले. 1 जुलै 1998 ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे 1930 किंवा 1940 मध्ये ‘प. खा.’ लिहिलेली वस्तू आजच्या हिशेबाने धुळ्याची असू शकते, नंदुरबारची असू शकते, गुजरातचीही असू शकते. ‘पू. खा.’ची अडचण त्या मानाने किरकोळ आहे; पूर्व खानदेश बहुतांशी तसाच्या तसा जळगाव झाला.

संगणकावर यादी करायची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. वर सांगितलेल्या संग्रहात यादीच्या तक्त्यात ‘जिल्हा’ हा रकाना होता आणि त्यात आजच्या जिल्ह्यांतून एक निवडायचा होता. ‘प. खा.’ला तिथे जागाच नव्हती. ज्यांनी काम केले त्यांनी सरसकट ‘धुळे’ निवडले. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. शाळेच्या सहली येतात, आठवीच्या मुलाला पश्चिम खानदेश कुठे ते कळत नाही, नकाशावर दाखवता येत नाही. शिवाय पट्टीवर जुने नाव ठेवले की पाहुणे विचारतात, हा जिल्हा कुठला, आणि उत्तर द्यायला माणूस नसतो. हे सगळे खरे आहे. पण नव्या पट्ट्या लागल्यावर जुनी पुठ्ठ्याची कार्डे रद्दीत गेली. त्या कार्डांवर काही ठिकाणी जिल्ह्याच्या खाली पेन्सिलीने गावही लिहिलेले होते. ते मी स्वतः वाचले होते, उतरवून घेतले नव्हते. आज मूर्तीच्या पाठीवर रंग उरला आहे म्हणून निदान ‘प. खा.’ तरी शिल्लक आहे. ती धुऊन पुसून स्वच्छ करायचा विचार एकदा झाला होता.

गाव लिहिलेले असले तरी काम संपत नाही. ‘पाटण, खानदेश’ एवढ्या शब्दांनी किती घोटाळा होतो पाहा. शिंदखेडा तालुक्यातले पाटण आशापुरी देवीचे, चाळीसगावजवळचे पाटण चंडिकेचे. दोन्ही देवीची ठाणी, दोन्ही जुनी, दोन्हीकडे लोक नवस फेडायला जातात. चाळीसगावच्या पाटणचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये प्रसिद्ध केला. शके 1128 चा, निकुंभ राजांच्या काळातला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्या मठाला बाजारात येणाऱ्या मालावरचे उत्पन्न लावून दिले, असे त्यात आहे. विक्रीच्या मालाला तिथे ‘केणें’ म्हटले आहे. या लेखाचे गाव चुकले तर गणिताच्या इतिहासातले एक ठिकाण नकाशावर शंभरेक किलोमीटर सरकते. सुदैवाने लेख प्रसिद्ध आहे, म्हणून चुकत नाही. त्याच पाटणच्या नावाने आलेल्या एखाद्या भंगलेल्या द्वारशाखेला, म्हणजे देवळाच्या दारचौकटीच्या उभ्या दगडाला, हे सुदैव नाही.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे 1955 मध्ये उत्खनन झाले, गिरणेकाठी बहाळला त्याच दशकात दोनदा. ताम्रपाषाण काळापासूनचे थर मिळाले. चाळीसगावच्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. अश्मयुगातला खानदेशी माणूस दागिना घालत होता, याचा तो पुरावा. या वस्तूंचे प्राप्तिस्थान थरासकट लिहिलेले आहे, कारण खणणारे प्रशिक्षित होते. पण त्या इथे राहिल्या नाहीत, दूरच्या संस्थांत गेल्या. स्थानिक कपाटांत उरली ती नदीकाठी वेचलेली खापरे, जांभा-तांबड्या रंगावर काळ्या रेघांची, पुष्कळदा गावाच्या नावाशिवाय.

पुरावस्तू आणि कलाकृती कायदा 1972 मध्ये झाला, अमलात 5 एप्रिल 1976 ला आला. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते त्याच्या कक्षेत आली. नोंदणीसाठी फोटो लागला आणि वस्तू कुठून, कशी आली हे लिहावे लागले. अनेक छोट्या संग्रहांत मूर्तींचे पहिले धड फोटो त्या निमित्ताने निघाले. जुनी वही हाताशी नव्हती तिथे आठवणीवर रकाने भरले गेले, आणि पुढे तीच नोंद मूळ मानली गेली. चूक असली तरी तिला सरकारी शिक्का लागलेला.

त्याच सुमारास तापीवरच्या उकाई धरणाचे पाणी नवापूर, नंदुरबारच्या सखल भागात चढले. पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवराखाली अक्राणी आणि अक्कलकुव्यातली 33 गावे आली. वेशीवरचे दगड, पाळ्या म्हणजे मेलेल्यांच्या स्मृतीचे दगड, देव लोकांनी शक्य तेवढे बरोबर नेले. वसाहतीत मांडलेल्या देवाचे गाव विचारले की म्हातारी माणसे अजून जुने नाव सांगतात. त्यांच्यातला एखादा दगड उद्या संग्रहात आला, तर पट्टीवर वसाहतीचा तालुका पडेल.

गेल्या काही वर्षांत नव्या दालनांचा भर स्वातंत्र्यलढ्यावर आहे. 1936 चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची गीताप्रवचने, नंदुरबारचा बाल हुतात्मा शिरीषकुमार. चरखे, टोप्या, तुरुंगातली पत्रे यांच्या नोंदी स्वच्छ आहेत, कारण देणारी घरे अजून नांदती आहेत. जागा मात्र तेवढीच असल्याने दगड मागच्या व्हरांड्यात गेले आहेत.

विष्णुमूर्ती आता व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून उभी आहे. क्रमांक वाचायचा तर तिला पुढे ओढावे लागते आणि ते एका माणसाचे काम नाही. मागच्या खेपेला आम्ही तिघांनी मिळून ती वीतभर सरकवली. ‘प. खा.’ अजून वाचता येते. त्यापुढचा आकडा 47 आहे की 41, हे ओल लागल्यामुळे नक्की कळत नाही.